सहा फूट सहा इंचांचा भाऊ आणि ‘प्रोफेशनल होईल का?’ हा प्रश्न

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ एकोणीस वर्षांचा, इंदूरमध्येच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सोळाव्या वर्षापर्यंत चिमणबागेत खो-खो खेळायचा. मग दोन वर्षांत असा झपाट्याने वाढला की खो-खो सुटला आणि कॉलेजच्या सरांनी त्याला बास्केटबॉलकडे वळवलं. आज उंची ६ फूट ६ इंच, वजन ७४ किलो. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सामन्यामागे २१ गुण आणि १३ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. आता कुणी सांगतंय की कॉलेज सोडून आमच्या अकादमीत पाठवा, फी भरा, दोन वर्षांत परदेशी संघाचा करार मिळवून देतो. घरात कमावती तूच, त्यामुळे निर्णयही तुझ्यावर आलाय.

मी इंदूरमध्ये तेवीस वर्षं बास्केटबॉल शिकवतेय. तुझ्या भावाचा खेळ मी पाहिलेला नाही, त्यामुळे ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ असं इथे बसून सांगणं बरोबर नाही. पण तू आणि त्याचे सर मिळून पुढच्या तीन महिन्यांत याचा बराच अंदाज घेऊ शकता. तो कसा घ्यायचा ते सविस्तर लिहिते. त्याआधी मात्र एक काम उरक.

त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे नेऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून घे. उंच, सडपातळ, लांब हात, लांब बोटं असं शरीर दिसलं की आमच्यासारख्यांचे डोळे चमकतात. पण मार्फन सिंड्रोम नावाच्या जन्मजात विकारातही शरीराची ठेवण अशीच असते. त्यात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भिंत कमकुवत असते, ती हळूहळू रुंदावते आणि कधीतरी फाटू शकते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधल्या एका सामन्यात बाकावर बसल्या बसल्या कोसळली आणि गेली. तिला मार्फन होता, हे शवविच्छेदनानंतर कळलं. बेलर विद्यापीठाचा सात फुटी सेंटर (रिंगखाली खेळणारा) आयझाया ऑस्टिन याचं निदान २०१४ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) तोंडावर झालेल्या तपासणीत झालं आणि त्याचा एनबीएचा रस्ता तिथेच थांबला. डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्यातली एक म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी उंचीच्या १.०५ पटीहून जास्त असणं. आपण नेमकं हेच मोजमाप कौतुकाने सांगत असतो! लांब हातांच्या बहुतेक मुलांना यातलं काहीही नसतं, घाबरू नकोस. पण एकदा इको आणि डोळ्यांची तपासणी झाली की मन निर्धास्त होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फार उंच मुलाच्या पालकांना मी आधी हेच सांगते. काहींना राग येतो, तरी सांगते.

मोजमापांवर फार वेळ घालवू नकोस. सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची घ्या, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर तरी कमी भरतो. मग हातांचा पल्ला, आणि जमिनीवर उभं राहून हात वर केल्यावर बोटं कुठे पोचतात ते. हा शेवटचा आकडा उंचीपेक्षा महत्त्वाचा, कारण शॉट अडवतो तो हात, डोकं नव्हे. बूट घालून मोजलेली उंची सांगण्याची सवय सगळीकडे आहे. एनबीएनेही २०१९ पासून खेळाडूंची उंची बुटांशिवाय नोंदवायला लावली, तेव्हा कित्येक नामवंत इंच-दोन इंचांनी खाली आले.

आता त्या २१ गुणांकडे येऊ. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरचा सेंटर बहुधा पाच फूट दहा-अकरा इंचांचा असतो. तुझा भाऊ रिंगखाली हात वर करून उभा राहिला की पास त्याच्याकडे, बोर्डवरून आलेला चेंडूही त्याच्याकडे. यात त्याचा दोष नाही आणि फारशी कमाईही नाही. वरच्या पातळीवर गेल्यावर सगळ्यात आधी हीच सोय जाते. ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, रेल्वे, सेनादल अशा संघांमध्ये रिंगखाली उभी असलेली माणसं त्याच्याएवढी किंवा त्याच्याहून उंच असतात आणि वीस-पंचवीस किलो जड असतात. तिथे ७४ किलोचं पोर रिंगखाली उभंसुद्धा राहू शकत नाही. मग सहा फूट सहा इंचांच्या मुलाला फॉरवर्डचं काम मिळतं. म्हणजे बाहेर चेंडू घ्यायचा, ड्रिबल करत आत शिरायचं, तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून शूट करायचं आणि बचावात आपल्याहून चपळ माणसासमोर पाय हलवायचे. अमेरिकेत तर या उंचीचे गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारे, असतात.

म्हणजे आज ज्या कामाचे त्याला गुण मिळताहेत ते काम उद्या त्याच्याकडे नसेल, आणि उद्या जे लागेल ते आज त्याच्याकडून कुणी मागत नाही. कच्च्या खेळाडूचा अंदाज चुकतो तो इथेच. म्हणून सरांना विनंती कर की सरावाच्या सामन्यांत त्याला रिंगखाली उभं करू नका, बाहेर खेळवा. २१ चे ६-७ गुण होतील, चेंडू निसटतील, मित्र चिडवतील. तेव्हा त्याला बघायला जा. जिंकून आलेला सामना बघून मला त्याच्याबद्दल फार थोडं कळेल. पण या गोंधळलेल्या सामन्यात तो काय करतो ते पाहून पुष्कळ कळेल.

आकड्यांपैकी वरच्या पातळीवर त्यातल्या त्यात टिकतात ते रिबाउंड, चेंडू हिसकावणं आणि शॉट अडवणं, कारण त्यामागे चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखण्याची नजर असते. पण १३ रिबाउंडही जसेच्या तसे धरू नकोस. वही घेऊन बस आणि फक्त तेच रिबाउंड मोज जे घेण्यासाठी त्याला दोन पावलं तरी जावं लागलं किंवा कुणाला तरी अंगाने मागे ठेवावं लागलं. १३ पैकी असे ७-८ निघाले तर मला तो मुलगा बघायला आवडेल.

खो-खोबद्दल तू जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंयस की ‘बास्केटबॉल फक्त दोनच वर्षं खेळतोय’. मला उलट ते वाचून आनंद झाला. उशिरा सुरुवात करणं हा अडथळा असतोच असं नाही. एनबीए गाजवलेला हकीम ओलाजुवान लागोसमध्ये फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात आला तो पौगंडावस्था निम्मी उलटल्यावर, आणि १९८४ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. टिम डंकन पोहणारा होता. १९८९ च्या ह्युगो वादळात त्याच्या कॅरिबियन बेटावरचा पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त झाला, म्हणून तो या खेळाकडे वळला आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड होता, मग एकदम वाढला. छोट्या शरीरात शिकलेलं ड्रिबल मोठ्या शरीरातही त्याच्याजवळ राहिलं. या तिघांनाही आधीच्या दिवसांनी पाय, हात किंवा नजर तयार करून दिली होती. नुसती उंची आणि उशिरा सुरुवात एवढंच असेल तर काय होतं, तेही बघ. टांझानियाचा सात फूट तीन इंचांचा हाशिम थबीट २००९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, जेम्स हार्डनच्या आधी आणि सातव्या आलेल्या स्टीफन करीच्या तर कितीतरी आधी. एनबीएत त्याचा जम कधी बसला नाही.

म्हणून तुझ्या भावाला एक गोष्ट विचार: खो-खोत तो संरक्षणात जास्त वेळ टिकायचा, की गडी बाद करण्यात पटाईत होता? पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा मोडता येत नाही, खांबाला वळसा घालावा लागतो. त्यातून बसल्या जागेवरून उसळण्याची ताकद येते. ती रिबाउंडला आणि पहिल्या पावलाला उपयोगी पडते. पण संरक्षणात दोन-अडीच मिनिटं टिकणारा मुलगा समोरच्याची कंबर बघून तो कुठे वळणार हे ओळखत असतो आणि पूर्ण वेगात असताना उलटा फिरतो. बास्केटबॉलच्या बचावात अगदी हेच लागतं, आणि उंच मुलांमध्ये ते क्वचित सापडतं. तो टिकणारा असेल तर आज दिसणारा त्याचा बेंगरूळपणा मी फार मनावर घेणार नाही. दोन वर्षांत एवढी उंची वाढली की स्वतःचे पाय परक्यासारखे वाटतात. जुनी चपळाई परत यायला वेळ लागतो, पण बहुधा येते.

आता मुख्य गोष्ट. कच्च्या खेळाडूत मी एकच गोष्ट सगळ्यात जास्त तोलते: सांगितलेली सुधारणा त्याच्या अंगात किती दिवसांत उतरते. हे मी एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा फूट आठ इंचांचा सतरा वर्षांचा मुलगा आला. तो दोन्ही हातांनी डंक मारायचा, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये घालायचा. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये तो सराव करत असला की बाजूच्या कोर्टवरचे खेळ थांबायचे. मी त्याच्या वडिलांना सांगितलं की हा देशाकडून खेळेल. एकविसाव्या वर्षी तो जसाच्या तसा होता. तोच डंक, तेच तीन फाउल पहिल्या दहा मिनिटांत, डाव्या हाताने ड्रिबल शून्य. तो आळशी नव्हता, रोज यायचा. त्याला काय येतं एवढंच मी पाहिलं होतं. मागच्या महिन्यापासून काय बदललं, हे एकदाही तपासलं नव्हतं. माझ्या शब्दावर त्या घराने दोन वर्षं काढली. त्याच काळात एक मुलगी यायची. पाच फूट नऊ इंच, झेल हमखास सुटायचे, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. पण सोमवारी सांगितलेली गोष्ट तिला शुक्रवारी पुन्हा सांगावी लागत नसे. तिला पुढे खेळावर सरकारी नोकरी लागली आणि ती कितीतरी वर्षं खेळली.

तेव्हापासून मी वही ठेवते. तूही ठेव. पद्धत साधी आहे. सोमवारी सरांनी त्याला एक नवीन गोष्ट दाखवायची, समजा जंप स्टॉप. धावत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, कंबर खाली, मग पिव्हट, म्हणजे एक पाय जागेवर ठेवून वळायचं. दहा-बारा वेळा करवून घ्यायचं, एकच सुधारणा सांगायची आणि विषय सोडून द्यायचा. गुरुवारी काहीही आठवण न देता तोच ड्रिल घ्यायचा आणि पहिले तीन प्रयत्न लिहून ठेवायचे. चौथ्यापासून तो इतरांचं बघून सुधारतो, म्हणून पहिले तीनच. मग पुढच्या आठवड्यात पाच-पाचचा खेळ, दमल्यावर: तिथे तो थांबतो का, की पुन्हा एका पायावर सरकत ट्रॅव्हल (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्याची चूक) करतो? आणि शेवटी खरा सामना. ड्रिलमधून सामन्यात यायला कुणाला पंधरा दिवस लागतात, कुणाला सहा महिने, कुणाचं येतच नाही. तीन महिन्यांत अशा चार-पाच गोष्टी दाखवून बघा. हा काळ दर वेळी थोडा थोडा कमी होत असेल, तर त्या मुलाच्या डोक्यात आणि शरीरात शिकण्याची वाट तयार झालीय. मला तेव्हा त्याच्या आजच्या गुणांशी काही देणंघेणं उरत नाही.

चुकांचेही प्रकार असतात. तीच चूक पुन्हा होतेय की तिच्या जागी नवी चूक आलीय? डावीकडून आत शिरताना चेंडू गमावणारा मुलगा महिन्याभराने आत नीट शिरतो, पण समोर मदतीला आलेला दुसरा बचावपटू न दिसल्याने त्याला धडकतो, तेव्हा मी खूश होते. तो एक पायरी वर चढून तिथे चुकतोय. फाउलचंही तसंच आहे. उंच कच्चा मुलगा फाउल करणारच, पण फाउल झाला त्या क्षणी त्याचे पाय कुठे होते ते बघ. पाय जागेवर पोचले होते आणि हात घाईने खाली आला, तर ते महिन्याभरात सुटतं. पाय पोचलेच नव्हते म्हणून हात घातला, तर काम मोठं आहे.

हातांची परीक्षा कानांनी करता येते. जोराचा पास झेलताना ‘फट्’ असा आवाज येत असेल तर हात कडक आहेत. चांगल्या हातांत चेंडू आवाज न करता शिरतो. कडक हात मऊ करता येतात, रोज भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून एका हाताने झेलायला लावा.

शूटिंगबद्दल: तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी आत्ता बघूच नकोस. त्याने अख्ख्या स्पर्धेत फार तर २० मारले असतील. ९ गेले तर ४५ टक्के, त्यातले दोन रिंगवर फिरून बाहेर पडले असते तर ३५. एवढ्या थोड्या शॉटवरून काहीच कळत नाही. त्याऐवजी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघ. तिथे कुणी अडवत नाही, अंतर ठरलेलं, घाई नाही. हात आणि मनगट खरोखर कसे चालतात ते तिथे दिसतं. पुढे दुरून शूट करायला कोण शिकेल याचा अंदाज निवडकर्ते बाहेरच्या टक्केवारीइतकाच यावरूनही बांधतात. कवाय लेनर्ड कॉलेजच्या दोन वर्षांत बाहेरून साधारण २५ टक्केच शूट करायचा, पण त्याचे फ्री थ्रो ७० टक्क्यांच्या वर होते. एनबीएत त्याच्या शॉटवर मेहनत घेतली गेली आणि तो उत्तम शूटर झाला. मात्र शंभर फ्री थ्रो सलग मारायला लावू नकोस. सलग मारताना लय सापडते, सामन्यात ती मिळत नाही. कोर्टची एक धाव, मग दोन फ्री थ्रो, पुन्हा धाव, पुन्हा दोन. असे पन्नास. आठवड्यातून दोनदा, दीड महिना. ७० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला तर शॉट घडवता येईल. ५० वर अडकला आणि दर वेळी चेंडू वेगळ्या बाजूला जात असेल, तर बाहेरचा शॉट त्याचं शस्त्र होईल असं धरून चालू नकोस.

त्याला बदली करून बाहेर बसवलं की त्याच्याकडेच बघत राहा. टॉवेल डोक्यावर टाकून बसतो, की त्याच्या जागी गेलेल्या मुलाचा खेळ बघतो? मी यावरून कुणाला नापास करत नाही, पण लिहून ठेवते.

आता ‘प्रोफेशनल’ या शब्दाबद्दल सरळच सांगते. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त साठ नावं, तीही सगळ्या जगातून. भारतातून निवडला गेलेला पहिला खेळाडू सतनाम सिंग: सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षापासून फ्लोरिडातल्या अकादमीत, २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला. तरी एनबीएचा सामना त्याला मिळाला नाही. अमज्योत सिंग २०१७-१८ मध्ये एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये ओक्लाहोमाच्या संघाकडून खेळला, प्रिन्सपाल सिंग जी लीगच्याच इग्नाइट संघातून पुढे २०२१ च्या एनबीए समर लीगपर्यंत पोचला. ही दोघं तुझ्या भावाहून उंच आणि फार आधीपासून खेळणारी. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांचा खेळ घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कुणी ‘दोन वर्षांत परदेशी करार’ म्हणत असेल, तर तो तुझ्या पैशांकडे बघतोय.

भारतात मात्र एक खरी वाट आहे. विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, मग राज्याचा वरिष्ठ संघ, राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथून रेल्वे, ओएनजीसी, बँक, सेनादल यांची क्रीडा कोट्यातली भरती. २०२२ पासून आयएनबीएल ही भारतीय बास्केटबॉल लीगही सुरू झाली, पण घर चालतं ते अजून नोकरीवर. या वाटेचा पहिला टप्पा चढायला तो विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी असावा लागतो, आणि नोकरीच्या वेळी पदवीमुळे वरची जागा मिळू शकते. कॉलेज सोडायला सांगणारा माणूस त्याची एकमेव शिडीच काढून घेतोय, हे त्याला कळत नसेल तर तो शिकवायला नालायक आहे, आणि कळत असेल तर त्याहून वाईट.

अकादमीवाल्यांशी बोलायचंच असेल तर एवढंच विचार: रोज कोर्टवर कोण प्रशिक्षक असेल, त्याचं नाव सांगा. आधीच्या तीन मुलांच्या घरचे फोन द्या, त्यात एक सोडून गेलेला असू दे. करार करून देणाऱ्या एजंटकडे फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना आहे का? उत्तरं लेखी माग.

आणि दोन छोट्या गोष्टी. सिमेंटच्या कोर्टवर रोज उड्या मारून गुडघ्याखालची शीर दुखू लागते. आठवड्यात उड्यांचे दिवस तीनच ठेवा, दुखलं तर लपवायचं नाही. वजन वर्षाला पाच-सहा किलोंनी वाढू दे, घरच्या जेवणावर. सकाळी नुसत्या पोहे-जिलबीवर येणारी पोरं अकरा वाजता माझ्यासमोर गळून बसलेली असतात, त्याला दही, पनीर, मोड आलेली कडधान्यं, खात असेल तर अंडी दे. जिममधले पावडरीचे डबे नकोत, त्यात उत्तेजकांच्या बंदी यादीतलं काय निघेल सांगता येत नाही.

इको झाला की रिपोर्ट सरांना दाखव आणि येत्या सोमवारी जंप स्टॉपपासून सुरुवात करा. तीन महिन्यांनी वही घेऊन रेसकोर्स रोडला ये, सकाळी सहा ते आठ मी कोर्टवरच असते. त्यालाही आण, पण आधी वही वाचू.